झिमरचं नवं संगीत येतंय: नवख्या कानांसाठी वाटाड्या

आपल्याकडे ‘सिनेमाचं संगीत कसंय?’ असं विचारलं की समोरचा गाणी मोजायला लागतो. दोन चांगली, एक बरं, एक उगाच घातलंय. त्यात चूक काही नाही, आपले कान गाण्यांवरच वाढलेत. पण हा लेख गाण्यांचा नाही. पडद्यावर कुणी गात नसताना, पात्रं चालत, बोलत किंवा नुसती गप्प बसलेली असताना मागे जे वाजत असतं त्याचा आहे. आपण त्याला पार्श्वसंगीत म्हणतो, कॉलेजातली मुलं बीजीएम म्हणतात आणि ज्यांना त्याचं वेड लागलंय ते स्कोअर म्हणतात.

७ फेब्रुवारी २०२५ ला ‘इंटरस्टेलर’ भारतात पुन्हा आयमॅक्सच्या पडद्यांवर लागला. २०१४ साली जी मुलं शाळेत होती त्यांनी त्याच्या संगीतातला तो चर्चचा ऑर्गन तेव्हा पहिल्यांदा थिएटरात ऐकला. त्यांच्यातल्या दोघातिघांनी मला विचारलं, आता पुढे काय ऐकू? ते संगीत हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमर याचं, आणि त्याच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तरांचा तोटा नाही. वाळवंटी परग्रहावर घडणाऱ्या ‘ड्यून’चा तिसरा भाग १८ डिसेंबर २०२६ साठी जाहीर झालाय. नितेश तिवारींच्या ‘रामायण’साठी तो ए. आर. रहमानबरोबर काम करतोय, पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत, असं निर्मात्यांनी सांगितलंय. म्हणजे चाहत्यांच्या गप्पांना ऊत आलेला असणार. त्या गप्पांत नवखा माणूस शिरला की पाच मिनिटांत गोंधळतो. त्याच्यासाठी ही तयारी.

सगळं वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच घेऊन जा: अल्बममध्ये वाजतं ते आणि सिनेमात वाजतं ते, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकाच घरातल्या, पण वेगळ्या. चाहत्यांमधली निम्मी भांडणं हे विसरल्यामुळे होतात. खालच्या बहुतेक पायऱ्या फिरून फिरून इथेच येतात.

पायरी १: चार शब्द पाठ करा

क्यू म्हणजे एका प्रसंगासाठी वाजणारा संगीताचा एक तुकडा. तो वीस सेकंदांचा असेल किंवा आठ मिनिटांचा. सिनेमाचा स्कोअर म्हणजे अशा तुकड्यांची माळ.

थीम म्हणजे परत परत येणारी धून. ख्यालात मुखडा फिरून समेवर येतो तेव्हा आपण नकळत मान डोलावतो, तसंच ही ओळखीची ओळ आली की सिनेमातलं पात्र किंवा नातं मनात हजर होतं. फरक इतकाच की इथे ती लपूनही येते: कधी संथ होऊन, कधी दुसऱ्याच वाद्यावर, कधी अर्धीच.

टेम्प ट्रॅक म्हणजे संकलन चालू असताना दिग्दर्शकाने तात्पुरतं लावलेलं दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचं किंवा मैफलीचं संगीत. ते ऐकून ऐकून दिग्दर्शकाला त्याचीच सवय होते आणि मग संगीतकाराला ‘असंच काहीतरी दे’ म्हणून सांगितलं जातं. हा शब्द सहाव्या पायरीत कामाला येईल.

चौथा शब्द सुइट, आणि झिमर ऐकायचा तर हा सगळ्यात महत्त्वाचा. चित्रीकरण संपल्यावर प्रसंग बघत बघत, सेकंद मोजून संगीत लिहायचं, ही हॉलिवूडची जुनी रीत. झिमर बऱ्याचदा त्याच्या आधीच, चित्र न बघता, नुसत्या कल्पनेवर लांबलचक तुकडे लिहून ठेवतो, त्याच सुइटा. ‘इंटरस्टेलर’च्या वेळी दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने त्याला टंकलिखित एक पान दिलं. त्यात अंतराळाचं नाव नव्हतं, फक्त एक बाप आणि त्याचं मूल. एका दिवसात जे सुचेल ते लिही, असं सांगितलं. त्या दिवशी झालेली ती छोटी धून पुढे अख्ख्या सिनेमाच्या पोटात जाऊन बसली. ‘द डार्क नाइट’च्या वेळी जोकरसाठी केलेले तासन्‌तासांचे प्रयोग त्याने एका आयपॉडवर भरून दिले आणि नोलनने ते हाँगकाँगच्या विमानप्रवासात ऐकले. जोकरचं संगीत म्हणजे जवळजवळ एकच स्वर, ताणलेला, करकरणारा. तो हुडकायला एवढे तास.

म्हणून झिमरच्या अल्बममध्ये ‘हा तुकडा सिनेमात नेमका कुठे आहे?’ या प्रश्नाला कधीकधी उत्तरच नसतं. तो तुकडा सिनेमाच्या आधीचा असतो. सिनेमात त्याचे कापलेले, शिवलेले, उसवलेले भाग असतात.

पायरी २: नवं ऐकायच्या आधी एक जुनं पक्कं करा

दहा सिनेमे वरवर ऐकण्यापेक्षा एक नीट ऐका. मी ‘इंटरस्टेलर’ सुचवते, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्यात थीमा थोड्या आहेत.

आधी तांत्रिक बाबी उरकू. तुमच्या ॲपमध्ये क्रॉसफेड नावाची, एक तुकडा संपता संपता दुसरा त्यात मिसळणारी सोय चालू असेल तर बंद करा. शफलही बंद. आवाज आपोआप समान करणारी सोय असते, तीही बंद, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेले तुकडे मोठे होतात. मी स्वतः कित्येक महिने क्रॉसफेड चालू ठेवून हा अल्बम ऐकत होते आणि ‘काय सुंदर मिसळलंय एकातून दुसऱ्यात’ म्हणून चारचौघांत कौतुकही केलं होतं. ती मिसळण माझ्या फोनची होती. कळल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. या संगीताचा कणा ऑर्गन आहे, लंडनच्या टेंपल चर्चमधला, आणि तो रॉजर सेयर यांनी वाजवलाय. त्याचे खालचे स्वर फोनच्या स्पीकरमधून येतच नाहीत. साधे वायरवाले इयरफोनही चालतील, महागडं काही घ्यायची गरज नाही.

आता क्रम असा धरा. पहिल्या दिवशी अल्बम सलग, सोळाही तुकडे, हातात फोन न घेता. दुसऱ्या दिवशी फक्त ‘कॉर्नफिल्ड चेस’, दोन मिनिटांचा तुकडा, चारपाच वेळा. ती धून गुणगुणता यायला हवी. चुकीची गुणगुणलात तरी चालेल. मग ‘डे वन’ ऐका आणि ती कुठे सापडते बघा. मग ‘स्टे’. त्यानंतर सिनेमा पुन्हा पाहा. तोवर तुमचा कान ती धून आपोआप पकडायला लागलेला असतो आणि ती बापलेकीच्या कुठल्या प्रसंगांना येते, कुठे मुद्दाम येत नाही, हे दिसायला लागतं. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहायचा आणि लगेच आवाज चालू करून पुन्हा पाहायचा, हाही जुना आणि फुकटचा उपाय आहे.

सिनेमा पाहताना एक गोष्ट खटकेल: यान जोडण्याचा तो गरगरणारा प्रसंग, ज्यावर थिएटरात लोक श्वास रोखून बसतात, त्याचं संगीत २०१४ च्या मूळ अल्बममध्ये नाही! ‘नो टाइम फॉर कॉशन’ नावाने ते नंतरच्या आवृत्त्यांत आलं. सिनेमातला सगळ्यात गाजलेला क्यू, आणि अल्बम त्याच्यावाचून निघाला. त्यावेळी चाहत्यांनी किती बोंब मारली असेल याची कल्पना करा. आता विस्तारित आवृत्तीत तो सहज मिळतो, त्यामुळे आज ऐकणाऱ्याला हे माहीतही नसतं. कुठली आवृत्ती ऐकताय ते आधी बघा. ‘डीलक्स’, ‘एक्सपांडेड’ असं काही लिहिलंय का, तुकडे किती आहेत. नाहीतर दोन माणसं दोन वेगळे अल्बम ऐकून एकाच नावाने वाद घालत बसतात.

उलट दिशेनेही हेच आहे. अल्बममध्ये ऑर्गन स्वच्छ, भरदार. सिनेमात त्याच्यावर इंजिनांचा आवाज, त्याच्याखाली संवाद. सिनेमा लागला तेव्हा संगीतापुढे संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार जगभर झाली आणि नोलनने ते मुद्दाम केल्याचं सांगितलं. हा निर्णय संगीतकाराचा नव्हे, ध्वनिमिश्रणाचा आणि दिग्दर्शकाचा. ‘झिमरने संवाद बुडवले’ असं कुणी म्हणालं की त्याने दोन वस्तूंची गल्लत केली असं समजा.

याच सिनेमात नवख्यांना हमखास सांगितली जाणारी एक कहाणी आहे. पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. त्या प्रसंगात, ‘माउंटन्स’ या तुकड्यात, सव्वा सेकंदाला एक अशी टिकटिक ऐकू येते. म्हणे प्रत्येक टिकटिकीला पृथ्वीवर बरोब्बर एक दिवस जातो. कल्पना सुरेखच आहे, पण कागद घ्या. सात वर्षांत सुमारे ६१ हजार तास. म्हणजे तिथला एक सेकंद इथले ६१ हजार सेकंद आणि सव्वा सेकंद म्हणजे साधारण ७६ हजार ७०० सेकंद. त्याचे तास होतात २१ आणि थोडे वर. दिवसाच्या जवळ, पण ‘बरोब्बर’ नाही. मला ही कहाणी अजूनही आवडते, फक्त मी ती सांगताना ‘जवळजवळ’ म्हणते. चाहत्यांच्या गप्पांत असे हिशेब पुष्कळ येतात. करून पाहिले की मजा वाढतेच.

पायरी ३: नामावली संपेपर्यंत खुर्ची सोडू नका

‘हान्स झिमर’ हे नाव एका माणसाचं आहे आणि कारखान्याचंही. सँटा मोनिकातल्या त्याच्या रिमोट कंट्रोल प्रॉडक्शन्समधून कितीतरी संगीतकार बाहेर पडले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रमीन जवादी तिथलाच, लॉर्न बाल्फही तिथलाच. २००३ च्या पहिल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’वर संगीतकार म्हणून नाव क्लाउस बाडेल्टचं आहे, झिमरचं ओव्हरप्रोड्युसर, म्हणजे वरून देखरेख करणारा, म्हणून. तरी लोक ती धून बिनदिक्कत झिमरच्या खात्यावर मांडतात.

त्यामुळे नामावलीत ‘अतिरिक्त संगीत’ या अर्थाची ओळ शोधायची सवय लावा. या श्रेयाचा एकदा मोठा घोळ झाला होता. २००८ साली ‘द डार्क नाइट’चं संगीत ऑस्करच्या स्पर्धेतून आधी बाद ठरलं, कारण क्यू शीटवर, म्हणजे कुठला तुकडा कुणाचा याच्या अधिकृत तक्त्यावर, पाच जणांची नावं होती: झिमर, जेम्स न्यूटन हॉवर्ड, आणि त्यांच्याबरोबर म्युझिक एडिटर, ध्वनिवातावरण रचणारा आणि लॉर्न बाल्फ. नंतर तो निर्णय फिरवला गेला, पण नामांकन काही मिळालं नाही. काहींना यात झिमर लबाड वाटतो. मला उलट वाटतं. ज्यांनी काम केलं त्यांची नावं कागदावर घातली म्हणून तर तो अडकला. पडद्यामागे राबवून घेऊन नाव न देणारे काय कमी आहेत? आपल्याकडेही अरेंजर हा शब्द किती वर्षं कॅसेटच्या कव्हरवर सापडायचा नाही.

वाजवणाऱ्यांची नावंही वाचा, कारण झिमर वाद्यापेक्षा वाजवणारा माणूस बघून लिहितो. ‘ड्यून’मधला तो अंगावर येणारा बाईचा आवाज लॉयर कॉटलर हिचा. तिच्या गाण्यात बऱ्याच परंपरा मिसळल्यात आणि त्यात आपलं दक्षिणेचं कोन्नक्कोलही आहे, तोंडाने मृदंगाचे बोल म्हणायची ती पद्धत. एकदा हे कळलं की तिच्या आवाजातले ते तुटक, ठोकल्यासारखे उच्चार वेगळेच ऐकू येतात. फुंकवाद्यं पेद्रो यूस्ताश याची. त्याने या सिनेमासाठी एकवीस फुटी शिंग बनवलं. आणि त्या परग्रहावर बॅगपाइप कुठून आले असं वाटलं असेल तर ते खरेच आहेत. स्कॉटलंडमधल्या एका चर्चमध्ये तीस वादक बसवून ते मुद्रित केलेत.

पायरी ४: बातम्या पाखडून घ्या

येणाऱ्या कामाबद्दलची बडबड सुपात घालून पाखडावी लागते. बरंच भूस निघतं.

पहिलं भूस ट्रेलरचं. ट्रेलरला वाजणारं संगीत बहुतेक वेळा सिनेमाच्या संगीतकाराचं नसतंच. ते ट्रेलरसाठी संगीत पुरवणाऱ्या वेगळ्या लोकांचं असतं, कारण ट्रेलर कापला जातो तेव्हा खरा स्कोअर लिहून झालेलाच नसतो. नमुना म्हणजे ‘इन्सेप्शन’. २०१० मध्ये त्याच्या ट्रेलरचं संगीत ऐकून लोक वेडे झाले आणि आजही ते झिमरच्या नावावर फिरतं. त्या तुकड्याचं नाव ‘माइंड हाइस्ट’ आणि तो झॅक हेम्सीचा. झिमरने सिनेमात जे केलं ते वेगळंच आणि माझ्या मते जास्त डोकेबाज: सिनेमात स्वप्नातून जागं करायला एदित पियाफचं जे फ्रेंच गाणं वापरतात, त्याच्याच लयीच्या पटीत त्याने स्कोअर बांधला. स्वप्नात वेळ ताणला जातो, तसं गाणंही ताणलेलं.

कधी ट्रेलरचं संगीत खरंच त्याचं असतं आणि तरी सिनेमात नसतं. २०२० च्या ‘ड्यून’ ट्रेलरला पिंक फ्लॉइडच्या ‘इक्लिप्स’ची आवृत्ती झिमरनेच केली होती. सिनेमात ती शोधत बसलात तर वाळूच मिळेल.

दुसरं भूस नेमणुकीचं. नाव जाहीर झालं म्हणजे तोच संगीतकार शेवटपर्यंत राहील असं नाही. ‘ब्लेड रनर २०४९’ योहान योहानसनकडे होता. २०१७ मध्ये तो बाजूला झाला आणि झिमर व बेंजामिन वॉलफिश आले. ‘नो टाइम टु डाय’ आधी डॅन रोमरकडे होता, २०२० च्या सुरुवातीला तोही झिमरकडे आला. म्हणजे झिमर स्वतः दोनदा दुसऱ्याच्या खुर्चीत बसलाय. त्यामुळे पोस्टरवर नाव छापून येईपर्यंत मी ‘करतोय म्हणे’ एवढंच बोलते.

तिसरं भूस सवयीचं. ‘नोलनचा सिनेमा म्हणजे झिमर’ हे समीकरण २०१७ च्या ‘डंकर्क’नंतर तुटलं. ‘टेनेट’ आणि ‘ड्यून’ एकाच सुमारास आले तेव्हा झिमरने किशोरवयापासूनच्या आवडत्या कादंबरीचा सिनेमा, म्हणजे ‘ड्यून’, धरला. नोलनने लुडविग गोरान्सनला घेतलं, आणि ‘ओपनहायमर’साठी गोरान्सनला ऑस्कर मिळालं. नोलनच्या ‘द ओडिसी’लाही तोच. तरी दर वेळी कुणीतरी ‘झिमरने काय वाजवलंय!’ म्हणतोच. सांगा, पण प्रेमाने सांगा. आपणही कधीतरी तिथेच होतो.

खरी बातमी कुठे मिळते? स्टुडिओची अधिकृत घोषणा, पोस्टरच्या तळाची बारीक अक्षरं आणि संगीत काढणाऱ्या कंपनीची तारीख. ‘ड्यून’चे अल्बम वॉटरटॉवर म्युझिककडून आले. बाकीच्यांना ‘सूत्रांकडून कळतं’ असं म्हणू द्या.

पायरी ५: अल्बम आला, आता कधी ऐकायचा?

इथे चाहत्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, सिनेमाच्या आधी ऐका, म्हणजे थीमा ओळखीच्या होऊन पडद्यावर भेटतील. दुसरा म्हणतो, आधी ऐकलं की सिनेमाची पहिली वेळ वाया गेली. मी मधला रस्ता काढलाय. तो सांगायला ‘ड्यून’चंच उदाहरण सोयीचं आहे.

२०२१ मध्ये त्या एका सिनेमाचे तीन अल्बम निघाले. ३ सप्टेंबरला ‘ड्यून स्केचबुक’, म्हणजे सुइटा, सिनेमाआधीच्या कल्पना, लांब आणि निवांत. १७ सप्टेंबरला नेहमीचा साउंडट्रॅक. आणि २२ ऑक्टोबरला, अमेरिकेत सिनेमा लागला त्याच दिवशी, सिनेमावरच्या पुस्तकासोबतीचा तिसरा. नवखा माणूस तीन नावं बघून भांबावतो आणि भलताच अल्बम लावून ‘यात सिनेमातलं काहीच नाही’ म्हणतो.

माझी पद्धत: सुइटांचा अल्बम असेल तर तो सिनेमाच्या आधी ऐकायचा, कारण तो कुठल्याच प्रसंगाला बांधलेला नसतो, काही फुटत नाही. प्रसंगांचा अल्बम सिनेमा पाहिल्यावर. आणि आधी ऐकायचाच असेल तर तुकड्यांची नावं वाचू नका! १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ‘द फँटम मेनेस’चा अल्बम सिनेमाच्या आधी दुकानात आला आणि त्याच्या पाठीवर एका तुकड्याचं नाव होतं ‘क्वाय-गॉन्स नोबल एंड’. अख्ख्या जगाला कळलं की कोण मरणार. तेही दुकानात उभ्या उभ्या.

आणखी एक खबरदारी, खास आपल्यासाठी. एका सिनेमाचा एक गाण्यांचा अल्बम आणि एक स्कोअरचा, असं आता तिकडेही होतं. जून २०२५ मध्ये ‘एफ वन’ आला तेव्हा वेगवेगळ्या गायकांचा एक अल्बम होता आणि झिमरचा स्कोअर वेगळा. शोधताना वरचाच निकाल उघडला की गाणी लागतात. संगीतकाराचं नाव बघूनच ‘प्ले’ दाबा.

पहिल्या ऐकण्याच्या वेळी वही ठेवा. खरीखुरी कागदाची, फोनमधली नको, फोनमध्ये शिरलं की परत कोण येतंय. तुकड्याचं नाव, मिनिट-सेकंद आणि कानाला काय झालं ते दोन शब्दांत. ‘२:१०, बाईचा आवाज थांबला, नुसता ढोल.’ एवढंच. मत लिहू नका, मताला घाई नसते.

पायरी ६: गप्पांत उतरताना

‘अंगावर काटा आला’ हे खरं असतं, पण त्यावर पुढचा माणूस काही बोलू शकत नाही. वहीतली नोंद काढा आणि म्हणा, या तुकड्यात दोन मिनिटांनी जी धून येते ती पहिल्या भागातलीच आहे का? मग बघा, ज्यांना तीन तासांच्या सिनेमातला प्रत्येक क्यू पाठ आहे अशी माणसं कशी खुलतात. आडमुठी वाटणारी माणसंसुद्धा नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतात.

‘चोरलंय’ हा शब्द जपून वापरा. साम्य ऐकू आलं तर आधी टेम्प ट्रॅक आठवा. झिमरच्या ‘ग्लॅडिएटर’मधल्या लढाईच्या संगीतात इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’ची सावली अनेकांना ऐकू आली आणि २००६ मध्ये होल्स्टच्या वारशाचं काम बघणाऱ्या संस्थेने दावाही लावला. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ ऐका आणि स्वतः ठरवा. मला साम्य ठळक वाटतं. आणि तरीही लिसा जेरार्डच्या आवाजातला त्या सिनेमाचा शेवट मला दर वेळी रडवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे गप्पांत मान्य करायला लोकांना वेळ लागतो.

‘झिमर म्हणजे नुसता दणदणाट’ असं म्हणणारा एक तरी भेटेलच. त्याचं सगळंच चुकीचं नसतं. ‘इन्सेप्शन’नंतर दहा वर्षं निम्म्या ट्रेलरांनी त्यातल्यासारखा जाड भोंगा वाजवून कान किटवले, आणि झिमरच्याही काही कामांत जाडी जास्त, धून कमी अशी तक्रार रास्त आहे. त्याच्याशी वाद न घालता त्याला ‘द थिन रेड लाइन’ ऐकायला द्या. मग त्याला बोलू द्या.

पुरस्कारांवरून चर्चा पेटते तेव्हा नियम माहीत असलेले बरे. ‘ड्यून’च्या पहिल्या भागासाठी झिमरला दुसरं ऑस्कर मिळालं, पहिलं ‘द लायन किंग’चं. दुसरा भाग मात्र स्पर्धेलाच पात्र ठरला नाही. कारण साधं आहे: मालिकेतल्या पुढच्या सिनेमात आधीच्या भागांचं संगीत २० टक्क्यांहून जास्त नको, असा अकादमीचा नियम. पण एकच कथा दोन भागांत सांगायची आणि धुना मात्र नव्या आणायच्या? मला हा नियम पटत नाही. अर्ध्या नाटकानंतर नटांनी आवाज बदलून यावं असं म्हणण्यातला प्रकार झाला. पण नियम आहे तो आहे, आणि ‘संगीत भिकार होतं म्हणून वगळलं’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

चोरून फुटलेली ध्वनिमुद्रणं कुणी पुढे केली तर घेऊ नका. बहुतेक वेळा ती अर्धवट मिश्रणाची असतात, आणि पहिली ओळख तिथे करून घेतली की खरा अल्बम कानाला परका वाटतो.

पायरी ७: पुढच्या दोन परीक्षा

‘ड्यून’च्या तिसऱ्या भागाआधी एवढा अभ्यास पुरे: दुसऱ्या भागातला ‘अ टाइम ऑफ क्वाएट बिटवीन द स्टॉर्म्स’ ऐका, पॉल आणि चानीची धून पाठ करा. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या नात्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. आता ती धून परत येते का, कुणाच्या प्रसंगाला येते, आणि अख्खी येते की मोडकी, एवढं एकच ऐकायला जायचं. सगळं ऐकायला गेलात तर काहीच ऐकू येणार नाही.

‘रामायण’चा पेपर जास्त अवघड आहे, कारण तिथे आपले दोन्ही कान लागतील, गाण्यांचा आणि स्कोअरचा. भारतीय सिनेमात ‘संगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ ही श्रेयं अनेकदा वेगवेगळ्या नावांवर असतात, तेव्हा ही दोन नावं पडद्यावर कुठल्या शब्दाखाली येतात ते आधी बघा, मगच ‘हे रहमानचं, ते झिमरचं’ अशी वाटणी करा. तालीम हवी असेल तर घरातच आहे. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले होते, जिथे हॉलिवूडचे स्कोअर मुद्रित होतात तिथेच. ‘याड लागलं’च्या सुरुवातीची तंतुवाद्यं इयरफोन लावून ऐका, गायकाचा आवाज येण्याच्या आधीचा भाग. आपण इतकी वर्षं तो आवाज यायची वाट बघत, त्याच्या आधीचं सगळं गप्पा मारत घालवलं.

वहीचं पहिलं पान त्यालाच द्या. सेकंद लिहायला विसरू नका.